लक्ष्मीपूजनाच्या रात्री चांदणं कुठून आलं? : किशोर-रहस्यकथांच्या प्रकाशकांना खुलं पत्र

प्रति,
मराठीत किशोरवयीन मुलांसाठी रहस्यकादंबऱ्या छापणारे प्रकाशक
आणि त्यांच्याकडे संपादक असतील तर तेही,

सप्रेम नमस्कार.

अलिबागच्या एका सार्वजनिक वाचनालयात बालविभागाचं काम मी पाहते. पुस्तकं निवडायची, आणायची, त्यांना कव्हरं घालायची, परत आली की पानं शाबूत आहेत ना ते बघायचं आणि ‘कसं वाटलं?’ असं विचारायचं. या प्रश्नाला मुलं सहसा ‘छान’ म्हणतात आणि पळतात. या सुट्टीत तुमच्यातल्या एकानं काढलेल्या नव्या रहस्यकादंबरीच्या वेळी मात्र कुणी पळालं नाही. आठवी-नववीतली पाच मुलं टेबलाभोवती उभी राहून त्या पुस्तकाशी अक्षरशः भांडली. ते भांडण तुमच्यापर्यंत पोचवणं मला भाग आहे. मुलं प्रकाशकांना पत्रं पाठवत नाहीत. पुढच्या वेळी मराठीच्या कपाटाकडे न जाता ती सरळ इंग्रजीच्या कपाटाकडे वळतात, आणि तुम्ही परिसंवादांत ‘मुलं मराठी वाचत नाहीत’ म्हणून हळहळत बसता.

पुस्तकाचं नाव लिहीत नाही. ज्यांचं आहे त्यांना पुढच्या परिच्छेदातच कळेल. बाकीच्यांनी हायसं वाटून घेऊ नये, कारण यातलं बरंच काही तुमच्याही पुस्तकांत सापडतं. लेखकालाही मी फारसा दोष देत नाही. पहिलीच कादंबरी आहे, भाषा वाहती आहे, आजी आणि नातीचे संवाद तर फारच गोड जमलेत. लेखकाच्या हातून चुका होणारच. छापण्याआधी त्या कुणीतरी पकडायच्या असतात, आणि ते कुणीतरी म्हणजे तुम्ही.

गोष्ट अशी. कोकणातलं समुद्राकाठचं गाव. नववीतली नायिका दिवाळीला आजोळी आलेली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गावातला पैसेवाला बागायतदार स्वतःच्या वाड्यात मेलेला सापडतो. शेजारच्या बाईंनी मध्यरात्रीच्या सुमारास माडीच्या खिडकीतून एक माणूस पाहिलेला असतो. पिठूर चांदणं पडलेलं असतं, त्यामुळे तो लंगडत चालतो हेही त्यांना स्पष्ट दिसतं. तो वाड्याच्या मागच्या दारानं निघतो आणि ओल्या वाळूवरून चालत समोरच्या जलदुर्गाकडे जातो. पान ३४. याच साक्षीवर अख्खी कादंबरी उभी आहे.

आता तुम्हीच सांगा, लक्ष्मीपूजनाच्या रात्री पिठूर चांदणं?

आठवीतल्या एका मुलीला हे पहिल्याच वाचनात खटकलं. तिनं वाचनालयाच्या भिंतीवरचं कालनिर्णय खिळ्यावरून काढलं आणि टेबलावर पसरलं. खरं तर त्याचीही गरज नव्हती. लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येचं. साल कुठलंही घ्या, त्या मध्यरात्री आकाशात चंद्र नसतो. दारोदार पणत्या का लावतात हे शेंबडं पोरही सांगेल. पण मजा पुढे आहे. या मुलीनं ती लेखकाची चूक मानली नाही, तिला तो धागा वाटला. बाकीच्यांना गोळा करून तिनं जाहीर केलं, “शेजारच्या काकू खोटं बोलतायत. चांदणं नव्हतंच. मग त्यांनी लंगडणारा माणूस बघितला कसा?”

त्यावर कोळीवाड्यातला एक मुलगा म्हणाला, “आणि तो किल्ल्यावर गेला कसा?” हे मला क्षणभर कळलं नाही, त्यानंच समजावलं. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हा हिशेब त्याच्या घरी सगळ्यांना तोंडपाठ. अमावास्या ही पंधरावी तिथी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे रात्री अकरा-बाराच्या सुमारास पाणी पुरतं चढलेलं असणार आणि पूर्ण ओहोटी व्हायला पहाट उजाडणार. आमच्या कुलाबा किल्ल्यावरही ओहोटीला चालत जाता येतं. वेळ चुकवून गेलेले पर्यटक पाणी चढल्यावर तिथेच अडकतात आणि मग होडीची वाट बघत बसतात. हे ज्यानं लहानपणापासून पाहिलंय त्याला पान ३४ पटणार नाही. त्याचे शब्द जसेच्या तसे देते: “उधानात वालूवरनं चालत गेला, तर तो खुनी नाय, मासा हाय.”

झालं. पाचही जणं त्या शेजारीणबाईंच्या मागे लागली. एका वहीत त्यांनी तक्ता आखला. कोण कुठे होतं, कधी होतं, ते कुणी सांगितलं आणि कुठल्या पानावर. तिसऱ्या प्रकरणात या बाईंच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर बागायतदाराचं नाव चढल्याचा उल्लेख आहे. सहाव्यात वाड्याची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते, कारण त्या तुळशीला पाणी घालायला जातात. नवव्यात त्या नायिकेला विचारतात, “पोलीस अजून काय काय विचारतात गं?” सगळं जुळत होतं. चांदण्याची थाप, उधाणाची थाप, जमिनीचा राग आणि हातातली किल्ली. मुलांना वाटलं, लेखक भन्नाट हुशार आहे. पंचांग आणि समुद्र या दोन गोष्टींत त्यानं किल्ली लपवली आहे, आणि ती फक्त आपल्यासारख्यांनाच दिसणार आहे.

शंभर-दीडशे पानं ती या आनंदात होती. मग पान २११ वर दुबईहून बागायतदाराचा एक सावत्र भाऊ उगवतो. याआधी त्याचं नाव नाही, फोटो नाही, ओझरता उल्लेखसुद्धा नाही. तो लंगडतो. खून त्यानंच केलेला असतो. चांदणं खरं, ओली वाळू खरी, शेजारच्या काकू साध्याभोळ्या. जमीन आणि किल्ली पुढे कुणाला आठवतही नाही.

आठवीतल्या त्या मुलीनं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “म्हणजे त्यांना माहीतच नव्हतं?”

या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं नाही. तुम्ही द्यायचं आहे.

मुलांची कल्पना फार ओढूनताणून काढलेली होती असं वाटत असेल, तर एक खरा खटला सांगते. अमेरिकेत १८५८ मध्ये अब्राहम लिंकन वकिली करत असताना त्यांनी खुनाचा आरोप असलेल्या एका तरुणाचं वकीलपत्र घेतलं. मुख्य साक्षीदार म्हणाला, मी दीडशे फुटांवरून पाहिलं, चंद्र चांगला डोक्यावर होता. लिंकननी त्याच्याकडून हे पुनःपुन्हा वदवून घेतलं आणि मग छापील पंचांग कोर्टापुढे ठेवलं. त्या वेळी चंद्र मावळतीला टेकलेला होता. आरोपी सुटला. तिकडे हा खटला ‘पंचांगाचा खटला’ म्हणूनच ओळखला जातो. आमच्या मुलांपैकी कुणालाही हा माहीत नव्हता. पाच मुलांनी मिळून तोच युक्तिवाद स्वतःच्या डोक्यानं उभा केला. इतकं सुंदर रहस्य तुमच्या छापलेल्या पानांत चुकून तयार झालं होतं, आणि ते मुलांना दिसलं, तुम्हाला दिसलं नाही. हस्तलिखित वाचताना एकानं जरी ‘अहो, त्या दिवशी अमावास्या असते’ असं म्हटलं असतं, तर लेखकाला त्या चुकीतून कादंबरीचा खरा कणा सापडला असता. चांगला संपादक पुस्तकाला देतो ते हेच.

माझं म्हणणं एवढंच आहे की रहस्यकथेच्या लेखकानं वाचकाला फसवावं, जरूर फसवावं, पण त्याच्यापासून सामान लपवून ठेवू नये. शेवटी उलगडणारी प्रत्येक गोष्ट आधी कुठेतरी वाचकाच्या नजरेखालून गेलेली असली पाहिजे. हा काही माझ्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूनं १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यातला पहिलाच असा की गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या सुरुवातीच्या भागात आलेला असावा. लंडनमध्ये १९३० मध्ये स्थापन झालेल्या डिटेक्शन क्लबात नव्या सभासदाला शपथच घ्यावी लागे. आपले गुप्तहेर दैवी साक्षात्कारावर आणि निव्वळ योगायोगावर विसंबणार नाहीत, महत्त्वाचा धागा वाचकापासून दडवला जाणार नाही, अशी ती शपथ. अर्धी थट्टेत आणि अर्धी गंभीरपणे घेतलेली. सगळे नियम पाळलेच पाहिजेत असं कुणी म्हणत नाही, नॉक्सच्या काही नियमांचं आज हसूच येतं. अगाथा ख्रिस्तीनं १९२६ मध्ये एका कादंबरीत वाचकांना असं काही गंडवलं की ‘हे चालतं का?’ यावर वर्षानुवर्षं वाद रंगले. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी नाव सांगत नाही. पण ती कादंबरी दुसऱ्यांदा वाचली की प्रत्येक धागा जागच्या जागी दिसतो, वाक्यं खरी असतात आणि फसलेलो आपणच असतो. तुमची कादंबरी दुसऱ्यांदा वाचून काय सापडणार? सावत्र भाऊ पहिल्यांदाही नव्हता आणि दुसऱ्यांदाही नसेल.

‘अहो, मुलांसाठीच तर आहे’ हे वाक्य मी ग्रंथप्रदर्शनांत इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानाला लागतही नाही. मुलांसाठी आहे म्हणूनच जास्त काम करायला हवं. सत्यजित राय यांनी १९६५ साली ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात फेलूदा या गुप्तहेराला आणलं. मुलांसाठी रहस्यकथा लिहिणं किती अवघड असतं हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. अनैतिक प्रेमप्रकरणं नाहीत, वासनेतून झालेले खून नाहीत, हिंसासुद्धा चवीपुरती. मोठ्यांच्या रहस्यकथांची अर्धी शिदोरी अशी हातातून गेली की उरते फक्त बुद्धी. म्हणून फेलूदाच्या कथा वयाच्या चौदाव्या वर्षी आणि चाळिसाव्या वर्षीही तितक्याच चवीनं वाचता येतात. आपल्याकडे भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या बनेश फेण्याला सायकलवर बसवून गावोगाव पिटाळलं. त्यातली संकटं कधी कधी अचाट असतात, कबूल. पण फाफे, म्हणजे हा फास्टर फेणे, स्वतः धावतो, स्वतः पडतो, स्वतः डोकं चालवतो. आणि बाबूराव अर्नाळकर? हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या त्या माणसाला घाई असणार हे वाचकाला माहीत होतं. तुम्हाला कसली घाई होती? वर्षात चार पुस्तकं काढता.

तुमची नायिका मात्र शोध घेतच नाही. तिला माहिती मिळत जाते. वर्गातला एक ‘हॅकर’ मित्र पाच मिनिटांत मृत माणसाच्या मोबाइलचा सीडीआर, म्हणजे कुणाकुणाला कधी फोन झाले त्याची नोंद, काढून देतो. तो मिळवायला पोलिसांनासुद्धा वरिष्ठ अधिकाऱ्यामार्फत कंपनीकडे रीतसर मागणी करावी लागते. इन्स्पेक्टर मामा दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता तिला विषाचं नाव सांगून मोकळा होतो. व्हिसेरा, म्हणजे प्रेतातल्या अवयवांचे नमुने, न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो आणि अहवालाची वाट बघण्यात आठवडे, कधी महिने जातात, हे पेपर वाचणाऱ्या कुणालाही माहीत असतं. पाडव्याच्या सकाळी नायिका मैत्रिणीला भेटायला तिच्या शाळेत जाते आणि तिथे मधल्या सुट्टीची घंटा होते. पाडव्याला! इथे तर मुलं इतकी हसली की शेजारच्या वाचनकक्षातले आजोबा उठून आले.

आणि शेवट? गढीत कोंडलेल्या नायिकेला सावत्र भाऊ पिस्तूल रोखून बारा पानं आपला गुन्हा समजावून सांगतो. तारखांसकट. मग मामा दार फोडून येतो. नायिकेनं केलं काय, तर ऐकलं. मुखपृष्ठावर भिंग घेतलेली मुलगी आहे. आत त्या भिंगाला काही कामच नाही.

विषाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. फराळातून धोतरा दिला असं तुमचं पुस्तक म्हणतं. प्रेताचं वर्णन करताना डोळ्यांच्या बाहुल्या ‘टाचणीच्या टोकाएवढ्या’ झाल्याचं लिहिलंय, आणि मरण्याआधी त्या माणसाच्या तोंडाला फेस आला होता आणि अंग घामानं चिंब झालं होतं असंही. धोतऱ्यानं बरोबर उलटं होतं. बाहुल्या विस्फारतात, तोंडाला कोरड पडते, अंग कोरडं आणि तापलेलं असतं, माणूस बरळतो, नसलेल्या वस्तू हवेत पकडू बघतो. तुम्ही वर्णन केलंय ते कीटकनाशकाच्या विषबाधेचं. हे शोधायला मेडिकल कॉलेजात जावं लागत नाही, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला असता तरी पुरे होतं. पुन्हा तीच हळहळ. कीटकनाशकाची लक्षणं आणि धोतऱ्याची अफवा हाही एक झकास धागा झाला असता. लेखकानं तो हातात घेतला आणि न बघताच टाकून दिला.

‘एवढं कोण बघतं?’ बघतात. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधखात्यात काम करत होती. तिची पहिली कादंबरी आली तेव्हा औषधशास्त्राच्या एका व्यावसायिक नियतकालिकानं तिचं परीक्षण छापलं आणि विषाची माहिती अचूक असल्याबद्दल कौतुक केलं. त्या परीक्षणाचा तिला फार अभिमान होता. याच्याही पुढची गोष्ट लंडनमध्ये १९७७ साली घडली. कतारहून आणलेली दीड वर्षाची एक मुलगी हॅमरस्मिथ इस्पितळात मरणाच्या दारात होती आणि डॉक्टरांना निदान होत नव्हतं. तिची देखभाल करणारी नर्स त्या दिवसांत ख्रिस्तीची थॅलियमच्या विषप्रयोगावरची कादंबरी वाचत होती. केस गळण्याचं लक्षण तिच्या ध्यानात आलं आणि तिनं शंका बोलून दाखवली. तपासणीत थॅलियम निघालं. मुलगी वाचली. आपली कादंबरी कुणाचा जीव वाचवेल अशी अपेक्षा तुमच्याकडून कुणी करत नाही. निदान वाचणाऱ्याच्या डोक्यात उलटंपालटं भरू नये, एवढंच.

यापुढचं लिहिताना माझा सूर बदलेल.

सातव्या प्रकरणात नायिकेच्या मैत्रिणीच्या वर्गातला एक मुलगा आत्महत्या करतो. खुनाचा संशय त्याच्यावर जावा म्हणून. तेवढंच त्याचं काम. चिठ्ठी सापडते, मामा ‘केस क्लोज’ म्हणतो, चार पानांनी कळतं की त्याचा खुनाशी काही संबंध नव्हता, आणि त्याला पुस्तकातून पुसून टाकलं जातं. त्याची आई पुन्हा येत नाही. बाकावरची रिकामी जागा कुणाला दिसत नाही. तो का गेला हे कुणी विचारतही नाही. दोनच प्रकरणांनी सगळी टोळी भाऊबीजेला पार्टी करते.

नववी-दहावीतली मुलं हे वाचणार आहेत. निकालाच्या दिवसांत वाचणार आहेत. आमच्या तालुक्यात असं घर नाही असं मला म्हणता येत नाही, आणि तुमच्याही गावात म्हणता येणार नाही. मृत्यू मुलांच्या पुस्तकात असूच नये असं मी कधीच म्हणणार नाही. ज्या मुलांनी घरात मृत्यू पाहिलाय ती अशी पुस्तकं शोधत येतात. पण एका मुलाचा जीव वाचकाची दिशाभूल करायला वापरायचा आणि वापरून झाला की फेकून द्यायचा, हे निव्वळ निष्काळजीपणाचं आहे. लेखकाला ते सुचलं असेल. तुमच्याकडे हस्तलिखित आलं तेव्हा एकालाही तिथे थांबावंसं वाटलं नाही? त्या प्रकरणाला हात लावायचा नव्हता तर निदान शेवटच्या कोऱ्या पानावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक तरी छापायचा. त्या पानावर तुम्ही भाग दोनची जाहिरात छापलीत.

हो, भाग दोन. अडीचशे पानांनंतर सावत्र भाऊ तुरुंगात जातो आणि शेवटच्या ओळीत नायिकेच्या मोबाइलवर अनोळखी नंबरावरून मेसेज येतो की खरा खेळ आता सुरू होणार आहे. म्हणजे तोही खुनी नव्हता की काय? मालिका काढा, मुलांना मालिका आवडतातच, एक भाग आवडला की दुसरा ती हट्टानं मागतात. पण पहिल्या भागात घातलेलं कोडं पहिल्याच भागात सुटलं पाहिजे. ताट वाढून अर्ध्यावर ओढून घ्यायचं आणि ‘उरलेलं पुढच्या वर्षी’ म्हणायचं, याला उत्कंठा म्हणत नाहीत.

पैशाचं बोलणं अवघड वाटतं, पण बोलायला हवं. आमच्यासारखी वाचनालयं १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मिळणाऱ्या अनुदानावर चालतात. ते केव्हा येईल ते आल्याशिवाय कळत नाही. त्यातून मोठ्यांची पुस्तकं, मासिकं, दिवाळी अंक, वीजबिल हे सगळं भागवून बालविभागाच्या वाट्याला जे येतं त्यात तुमची एक कादंबरी घेतली की दुसरी दोन राहतात. शासनमान्य यादीत नाव लागलं की वाचनालयं घेणारच, हे तुम्ही गृहीत धरलंय. वाचनालयं घेतीलही. पण आमच्या रजिस्टरमध्ये पुस्तक किती वेळा बाहेर गेलं त्याची नोंद होते. तुमची ही प्रत त्या पाच मुलांनंतर कुणी नेलेली नाही. मी कुणाला सांगितलं नाही. मुलंच एकमेकांना सांगतात.

तुमच्याकडे पूर्णवेळ संपादक नाही, मुद्रितशोधकालाच सगळं बघावं लागतं, हे मला ठाऊक आहे. या पुस्तकात शुद्धलेखनाची चूक मला एकही दिसली नाही, त्या मुद्रितशोधकांना माझा नमस्कार सांगा. पण रहस्यकथेत ऱ्हस्व-दीर्घाइतकीच तारीख-वेळही तपासावी लागते. कुणीतरी एक कागद घेऊन बसायचं. कुठली तिथी, किती वाजता, कोण कुठे, कुणी पाहिलं, कुठल्या उजेडात. कोकणातलं गाव असेल तर समुद्राचं पाणी कुठे होतं. शाळा चालू होती का. एका माणसाचं दोन दुपारींचं काम आहे. त्याला खर्च येतो तो चहाचा.

या पाच मुलांनी ते काम फुकट केलंय. त्यांची ती वही मी जपून ठेवली आहे. ज्यांची कादंबरी आहे त्यांना दुसरी आवृत्ती काढायची असेल तर झेरॉक्स पाठवीन. शेजारच्या काकूंना खुनी करून पुस्तक पुन्हा लिहायला लेखक तयार असतील तर मुलं त्यांना भेटायलाही तयार आहेत. कोळीवाड्यातला मुलगा भरतीच्या वेळा सांगेल, फक्त त्याचं नाव आभारात छापा असं त्याचं म्हणणं आहे. माझ्या मते ते रास्त आहे.

आणि बाकीच्यांसाठी एक प्रस्ताव. एलरी क्वीन या नावानं लिहिणाऱ्या दोघा अमेरिकन लेखकांनी १९२९ पासून आपल्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत एक प्रथा पाडली होती. उलगड्याच्या आधी गोष्ट थांबवायची आणि वाचकाला सांगायचं की सगळे धागे आता तुझ्या हातात आहेत, खुनी कोण ते तूच सांग. आपण तेच करू. पुढची किशोर-रहस्यकादंबरी छापायला जाण्याआधी हस्तलिखिताची एक प्रत आमच्या वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवा. उलगड्याची प्रकरणं वेगळ्या पाकिटात, चिकटवून. मुलं तिथपर्यंत वाचतील, आपापल्या खुन्याचं नाव कारणासकट चिठ्ठीवर लिहितील आणि मगच पाकीट फोडतील. चिठ्ठ्या तुम्हाला मिळतील. पाचही जणांनी बरोबर ओळखलं तर कोडं सोपं झालंय, लेखकाला आणखी थोडं लपवायला सांगा. एकालाही ओळखता आलं नाही तर उत्तमच, पण मग ती ‘हे आधी कुठे होतं?’ असं विचारतील, आणि त्याचं उत्तर तुम्हाला पान क्रमांकासह द्यावं लागेल. वाचायला त्यांना पंधरा दिवस पुरतात, परीक्षा असतील तर महिना. टपालखर्च आमचा.

कळावे,
अलिबागच्या एका वाचनालयात बालविभाग सांभाळणारी,
तुमची एक नियमित ग्राहक